अमेरिकेतील वांशिक आरोग्यविषमता आणि रोगप्रतिबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, त्यांचे इकडे राहणारे आईवडील आणि सार्वजनिक आरोग्य शिकायला तिकडे निघालेली मुले हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. काहींची उत्तरे लांब आहेत, कारण विषयच तसा आहे. घाई असेल त्यांनी भारतीयांविषयीचे आणि बाळंतपणाविषयीचे प्रश्न आधी वाचावेत.

वांशिक आरोग्यविषमता म्हणजे नेमके काय?

एकाच देशात, एकाच काळात, केवळ कोणत्या वांशिक गटात जन्म झाला यावरून माणसाच्या आजारपणात आणि आयुष्यमानात मोठा फरक पडतो, आणि तो फरक टाळता येण्यासारखा असतो. अमेरिकेतील २०२१ सालचे जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान (प्राथमिक आकडे) पाहा : मूलनिवासी ६५.२ वर्षे, कृष्णवर्णीय ७०.८, गोरे ७६.४, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक, बहुतेक लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक) ७७.७ आणि आशियाई ८३.५. म्हणजे दोन टोकांमध्ये १८ वर्षांहून अधिक अंतर. २०२१ हे कोविडचे वर्ष होते, त्यामुळे दरी नेहमीपेक्षा रुंद दिसते हे खरे. पण दरी कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे.

या आकड्यांत हिस्पॅनिक गटाकडे जरा थांबून पाहावे. सरासरी उत्पन्न गोऱ्यांपेक्षा कमी, विमा नसलेल्यांचे प्रमाण जास्त, तरी आयुर्मान अधिक. संशोधक अनेक दशके या कोड्याशी झगडत आहेत. ‘गरीब म्हणून आजारी’ एवढ्या एका ओळीत हा विषय मावत नाही, याची ही पहिली खूण.

हा फरक जनुकांमुळेच असणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी तपासल्या आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम होते. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. आता तिसरा गट : आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय आया. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन ३,३३३ ग्रॅम भरले, म्हणजे गोऱ्यांच्या बाळांच्या बरेच जवळ. कमी वजनाचे मूळ आफ्रिकी जनुकांत असते, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांची बाळे सगळ्यात हलकी भरायला हवी होती. झाले उलटेच. अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून लहानाचे मोठे होण्यातच काहीतरी आहे, जे पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

दुसरे उदाहरण ॲरिझोनातील पिमा या मूलनिवासी जमातीचे. या लोकांत प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले, जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे वर्षानुवर्षे म्हटले गेले. मग संशोधकांनी सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या पिमांना तपासले. आनुवंशिक नाते जवळचे, पण तिथे लोक शेतात राबणारे, घरचे साधे अन्न खाणारे. त्यांच्यात मधुमेह ६.९ टक्के निघाला. ॲरिझोनातले पिमा हिला नदीच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या कालव्याची शेती करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकारांनी नदीच्या वरच्या अंगाला पाणी वळवले, शेती सुकली, आणि पुढे सरकारी शिध्यातला मैदा, साखर आणि चरबी हेच अन्न झाले. माझ्या मते या जमातीच्या मधुमेहाचा इतिहास दवाखान्याच्या कागदांपेक्षा त्या पाण्याच्या इतिहासात अधिक स्पष्ट वाचता येतो.

जनुकांना काहीच अर्थ नाही असे मात्र मुळीच नाही. सिकलसेल हा तर एका जनुकातल्या बदलाने होणारा रक्ताचा आजार. अमेरिकेत तो ‘काळ्यांचा आजार’ म्हणून ओळखला जातो. पण तोच आजार गडचिरोलीत आहे, नंदुरबारमध्ये आहे, मेळघाटात आहे, नागपूरच्या आसपासच्या अनेक समाजांत आहे. भूमध्य समुद्राकाठच्या आणि अरबस्तानातल्या लोकांतही तो सापडतो. हा बदल आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाग्रस्त प्रदेशांत तो टिकला. म्हणजे सिकलसेलचा नकाशा मलेरियाच्या नकाशाशी जुळतो, कातडीच्या रंगाशी नाही.

मग खरे कारण गरिबी आहे का? वंशाचा मुद्दा कशाला हवा?

गरिबी हे फार मोठे कारण आहे, पण तेवढ्याने हिशोब जुळत नाही. २००७ ते २०१६ या काळातील गर्भारपणाशी संबंधित मृत्यूंचा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, अभ्यास केला. त्यात पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधील मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या ५.२ पट होता. इतकेच काय, शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही तो १.६ पट होता. पदवी, नोकरी, विमा हे सगळे असूनही संरक्षण मिळाले नाही.

याचे एक स्पष्टीकरण मिशिगन विद्यापीठाच्या अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ साली मांडले : सततचा अपमान, असुरक्षितता, पैशाची ओढाताण आणि दुहेरी मेहनत यांच्या माऱ्याने शरीर अकाली झिजते. रक्तदाब, साखर, दाह यांवर त्याचा परिणाम होतो आणि तिशीतल्या बाईचे शरीर वयापेक्षा म्हातारे होते. दुसरे कारण उपचारांतल्या फरकाचे. स्त्री ‘छातीत दुखतंय’, ‘डोकं फुटतंय’ म्हणते तेव्हा तिचे ऐकले जाते का? टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिने २०१७ साली बाळंतपणानंतर फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याची शंका स्वतः बोलून दाखवली आणि तपासणी करा म्हणून तिला आग्रह धरावा लागला. गुठळी खरोखरच निघाली. जगप्रसिद्ध खेळाडूची ही गत, तर इतरांचे काय होत असेल याचा विचार करावा.

स्तनाच्या कर्करोगातही हेच. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तो गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच आढळतो, तरी त्याने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहेत. ट्यूमरचा आक्रमक प्रकार त्यांच्यात जास्त दिसतो हे एक कारण. पण उशिरा निदान आणि उपचारांतली दिरंगाई ही कारणे त्याहून कमी महत्त्वाची नाहीत.

असे संशोधन केव्हापासून होते आहे?

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने आकडेवारी मांडून दावा केला की कृष्णवर्णीयांचा मृत्युदर त्यांच्या वंशातल्या दोषामुळे जास्त आहे. विमा कंपन्यांना हे सोयीचेच होते. तीनच वर्षांनी, १८९९ साली, डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवले की मृत्यू वाढतात ते कोंदट घरे, घाण पाणी आणि हलक्या कामांमुळे. आज आपण ज्याला आरोग्याचे सामाजिक घटक म्हणतो, ते त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्यांना पुरेशी दाद मिळाली नाही याचे वाईट वाटते.

सरकारी पातळीवर वळण आले ते १९८५ साली. आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या कार्यदलाच्या अहवालाने सांगितले की अल्पसंख्याक गटांत दरवर्षी सुमारे ६०,००० ‘जादा’ मृत्यू होतात, म्हणजे गोऱ्यांइतकाच मृत्युदर असता तर जे झाले नसते. त्यानंतर अल्पसंख्याकांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय निघाले. १९९३ च्या कायद्याने सरकारी निधीवरच्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांचा समावेश बंधनकारक केला.

टस्कीगीचे नाव सारखे का येते?

कारण ती जखम अजून भरलेली नाही. अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत, टस्कीगी गावाच्या परिसरात, १९३२ साली अमेरिकी सरकारच्याच आरोग्यसेवेने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातील ३९९ जणांना सिफिलिस होता. उपचार न केल्यास हा आजार कसा वाढत जातो हे पाहायचे होते. या माणसांना खरे काय ते सांगितले नाही. ‘रक्त बिघडलंय, त्याचा इलाज करतोय’ असे सांगितले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा हमखास इलाज हाती आला, तरी तो त्यांना दिला नाही. पीटर बक्स्टन या आरोग्यसेवेतल्याच कर्मचाऱ्याने हे उघड केले आणि १९७२ साली वृत्तपत्रांत बातमी आल्यावर अभ्यास थांबला. चाळीस वर्षे. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

संशोधनात सहभागी होणाऱ्याची माहितीपूर्ण संमती घ्यायचे आजचे कडक नियम यातूनच आले. अविश्वासही यातूनच आला. म्हणून ‘हे लोक लस घ्यायला का कचरतात’ असे विचारताना त्यांच्या आजोबांच्या पिढीबरोबर काय घडले ते आधी आठवावे. ऑकलंड शहरात झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की समोर कृष्णवर्णीय डॉक्टर असला तर कृष्णवर्णीय पुरुष मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसारख्या प्रतिबंधक तपासण्यांना अधिक प्रमाणात तयार होतात, विशेषतः सुई टोचावी लागणाऱ्या तपासण्यांना. विश्वास हासुद्धा प्रतिबंधाचा भाग आहे आणि तो विकत मिळत नाही.

यंत्रे आणि सूत्रे तरी निष्पक्ष असतात ना?

नेहमीच नाही. कोविडमध्ये आपल्या घराघरांत आलेला बोटाचा ऑक्सिमीटर घ्या. तो त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवले की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली गेलेला असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते, गोऱ्यांत ३.६. गडद त्वचेवर यंत्र काही वेळा चढा आकडा दाखवते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेच्या माणसांनीही हे लक्षात ठेवावे : धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल, तर यंत्रावरच्या ९४ वर विसंबू नये.

मूत्रपिंडाचे उदाहरण मला याहून गंभीर वाटते. मूत्रपिंड किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून सूत्राने काढतात. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचे होते. समजा उत्तर १८ आले. गुणल्यावर ते जवळजवळ २१ होते. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव लागायला उत्तर २० किंवा त्याहून कमी असावे लागते. म्हणजे मूत्रपिंड तेवढेच निकामी असूनही गोऱ्या रुग्णाचे नाव यादीत आणि कृष्णवर्णीय रुग्ण बाहेर. २०२१ साली वंश वगळून नवे सूत्र आले. २०२३ च्या जानेवारीपासून अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त करणे सक्तीचे झाले आणि हजारो जणांची वर्षे त्यांना परत मिळाली. विज्ञानाने झालेला अन्याय मोजून तो भरून काढल्याची अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

वंशाची नोंद करणेच बंद केले तर?

सूत्रातून वंश काढावा. मोजणीतून काढू नये. नोंदच नसती तर वर दिलेला एकही आकडा आपल्याला कळला नसता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली हृदयविकाराचा धोका मोजण्याचे नवे गणित आणले, त्यातही वंश नाही.

प्रतिबंधाचे कोणते उपाय खरोखर लागू पडले?

दोन उदाहरणे मला फार आवडतात.

पहिले लॉस एंजेलिसच्या सलूनमधले. कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाब फार, आणि दवाखान्यात जाणे कमी. पण ठरलेल्या न्हाव्याकडे ते न चुकता जातात, वर्षानुवर्षे त्याच्याशी बोलतात. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ सलून निवडली आणि रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष. सुमारे अर्ध्या सलूनमध्ये औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेला फार्मासिस्ट स्वतः येऊन बसायचा, तिथेच रक्तदाब मोजायचा, औषध सुरू करायचा आणि डॉक्टरांना कळवायचा. बाकीच्या सलूनमध्ये न्हावी ‘मीठ कमी करा, डॉक्टरांकडे जा’ एवढा सल्ला देत. सहा महिन्यांनी पहिल्या गटातला वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्यात ९.३. रक्तदाब १३०/८० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण ६३.६ टक्के विरुद्ध ११.७ टक्के. माणसे तीच, शहर तेच, औषधेही दुकानात मिळणारीच. २०१८ साली हे निष्कर्ष आले. डॉ. व्हिक्टर त्याच वर्षी वारले.

नुसता उपदेश आणि जागेवर मिळणारे औषध यांतला फरक या आकड्यांत जितका उघड दिसतो तितका मी क्वचितच पाहिला आहे. आरोग्यजागृतीच्या नावाखाली पत्रके वाटून समाधान मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा अभ्यास वाचावा.

दुसरे डेलावेअर या छोट्या राज्याचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी २००२ साली ५० वर्षांवरील कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांनी करून घेतली होती, गोऱ्यांपैकी ५८ टक्क्यांनी. राज्याने तपासणी मोफत केली, परिचारिका नेमून लोकांना हाताला धरून तपासणीपर्यंत नेले, आणि विमा नसलेल्यांना कर्करोग निघाल्यास दोन वर्षे उपचारांचा खर्च उचलला. हा शेवटचा भाग कळीचा आहे. आजार निघाला तर पैसे कुठून आणायचे ही धास्ती असेल, तर माणूस तपासणीला येतच नाही. २००९ पर्यंत दोन्ही गटांत तपासणीचे प्रमाण सुमारे ७४ टक्के झाले आणि कृष्णवर्णीयांतील या कर्करोगाचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी घटला. सात वर्षांत दरी जवळपास बुजली.

आम्ही भारतीय यात कुठे बसतो? आशियाईंचे आयुर्मान तर सर्वांत जास्त दिसते.

‘आशियाई’ या एका रकान्यात चिनी, कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, भारतीय सगळे एकत्र मोजले जातात. सरासरी उत्तम दिसते आणि त्यात आपला मधुमेह दडून जातो. हीच उणीव भरून काढायला २०१० साली सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथे ‘मसाला’ या नावाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. अलका कनाया आणि नम्रता कंदुला या डॉक्टरांनी तो उभा केला. सुरुवातीला ९०६ दक्षिण आशियाई लोक होते. इतर गटांशी तुलना केली तेव्हा मधुमेहाचे प्रमाण दक्षिण आशियाईंत २३ टक्के निघाले, कृष्णवर्णीयांत १८ आणि गोऱ्यांत फक्त ६. हे लोक बहुतेक सुशिक्षित, सुस्थितीतले आणि अंगाने फार जाड नसलेले.

याचे धागे पुण्यापर्यंत पोचतात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी खूप बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच. बाहेरून हडकुळे, आतून चरबीचे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण फोटोसकट छापले : दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

मग अमेरिकेतल्या डॉक्टरांना आम्ही काय सांगावे?

दक्षिण आशियाई असल्याचे स्पष्ट सांगा. २०१८ पासून तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई मूळ हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला आहे. मधुमेहाच्या तपासणीसाठी इतरांना बीएमआय २५ ची मर्यादा आहे, आशियाईंना २३. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० च्या आत हवा. आईवडिलांना कमी वयात हृदयविकार झाला असेल तर लायपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. ती नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत येत नाही, मागून घ्यावी लागते.

संशोधनात सहभागी होण्याने आपल्याला काय मिळणार?

स्वतःला कदाचित काहीच नाही, इतरांना खूप. डॅलस शहरातील एका अभ्यासात निम्मे सहभागी कृष्णवर्णीय असावेत असे मुद्दाम ठरवले होते. त्यांच्यातल्या काहींचे वाईट कोलेस्टेरॉल जन्मतःच फार कमी होते. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना त्याचे कारण पीसीएसके-९ या जनुकात सापडले. पुढे दिसले की हा बदल असलेल्या कृष्णवर्णीयांत हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आहे. त्यावरून बनलेली इंजेक्शने २०१५ साली बाजारात आली आणि आज सर्व वंशांचे हृदयरुग्ण ती घेतात, भारतातही.

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आईने कशावर लक्ष ठेवावे?

तिथल्या गर्भारपणाशी संबंधित मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्यासारखे असतात असे सीडीसी सांगते, आणि त्यातले बरेच बाळंतपणानंतर, घरी गेल्यावर होतात. म्हणून आईचे घरात असणे मोलाचे आहे. थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, छातीत दुखणे, धाप, एका पायाला सूज आणि दुखणे, खूप रक्तस्राव, ताप, किंवा ‘मला जगावंसं वाटत नाही’ असे उद्गार, यांपैकी काहीही दिसले तर ‘बाळंतिणीला व्हायचंच असं’ म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि बाळंतपण केव्हा झाले ते आधी सांगा. हे वर्षभर लागू आहे.

गरोदरपणातला मधुमेह भारतीय वंशाच्या स्त्रियांत अमेरिकेतील बहुतेक गटांपेक्षा जास्त आढळतो. बाळ झाल्यावर साखर उतरते आणि सगळे विसरून जातात. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी एकदा करावी, आणि ती नॉर्मल आली तरी दर १ ते ३ वर्षांनी पुन्हा. बाळाच्या लसीकरणाची तारीख लिहाल त्याच कॅलेंडरवर आईच्या या तपासणीचीही तारीख लिहून ठेवा.